ओम्बातीची पाटी

केनियातल्या किसी गावच्या दवाखान्यात सकाळपासून नोंदणी अडली होती. रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या न्याबोकेमावशींना खिडकीमागचे दोघे कंप्युटरवाले स्पष्ट ऐकू येत होते.

"ओगेतो, व्हर्च्युअल मशीनची डिस्क भरली तर वाढव की लेका. एक केसपेपर निघत नाहीये."

"जुना स्नॅपशॉट, मशीनची ती साठवलेली नक्कल, पुसल्याशिवाय वाढतच नाही."

"मग पूस."

"त्यावर लिहिलंय, ‘पुसू नये. ओम्बाती.’"

"तो तर कधीच नोकरी सोडून गेला."

"फोन केला मी. म्हणाला, स्नॅपशॉट त्याच्याही आधीचा आहे. पुसायची भीती वाटली, म्हणून पाटी लावली."

"मग तू काय केलंस?"

"खाली माझंही नाव घातलं."

मावशींनी पिशवीतून उकडलेली रताळी काढली आणि मागे वळून म्हणाल्या, "बसा गं सगळ्या. खाऊन घेऊ."