कुणाला येऊ द्यायचं

(हिंगोली जिल्ह्यातलं गोरेगाव, २००४. दुपार. विश्वंभर संगणकासमोर, आई चंद्रभागाबाई फोनच्या तारेपाशी.)

विश्वंभर : पुन्हा तेच! एका मिनिटात बंद होतो म्हणतोय. आई, तार ओढ. लवकर!

चंद्रभागाबाई : वढली. आता?

विश्वंभर : आता श्वास घेऊ दे त्याला. तार जोडली की किडा आत शिरतो आणि संगणकालाच झोपवतो.

चंद्रभागाबाई : तारंतून कसला रं किडा? चार वाजता दिपाली नाशकात इंटरनेटच्या कॅफेत येऊन बसंल. उद्या तिचं पोट फाडणार हायेत. त्याच्या आधी मला तिचा आवाज आयकायचाय.

विश्वंभर : मलाही. ताईच्या एका फोनसाठी...

चंद्रभागाबाई : फोन कशी करंल ती? तुझे बाबा उचलतेत अन् आवाज आयकून ठिवून देतेत.

विश्वंभर : म्हणूनच तर गेल्या महिन्यात फायरवॉल घातली होती. राखणदारासारखी. अनोळखी कुणी आलं की ती विचारते, येऊ देऊ का? मग हा आत आलाच कसा? मी दुकानात असताना इथे कोण बसतं?

चंद्रभागाबाई : मी बसते. काहून, बसू नये?

विश्वंभर : आणि ती चौकट आली की?

चंद्रभागाबाई : तूच सांगितलंस की, डावं बटन म्हंजे व्हय, उजवं म्हंजे न्हाई. मी डावं दाबते.

विश्वंभर : प्रत्येक वेळी?

चंद्रभागाबाई : नामदेवाच्या नरसीला चाललेलं अनोळखी माणूस बी आपल्या दारात तांब्याभर पाणी पिऊन जातंय. ह्या घरात दारातल्या माणसाला एकदाच न्हाई म्हणलं गेलं. आपल्या मनानं लगन करून आली तव्हा, लेकीला, दिपालीला.

विश्वंभर : आई, हा पाणी प्यायला येत नाही.

चंद्रभागाबाई : मला काय ठावं? इंग्रजी मला वाचता येतंय व्हय? म्हणलं, तीच असंल.

विश्वंभर : ...रागावलो नाही मी. माझ्या मित्राने, धर्मसिंगने, हिंगोलीहून सीडी आणून दिली आहे. किडा पुसला जाईल, ज्या फटीतून तो शिरला ती बुजेल. बघ, पट्टी सरकते आहे. ओल्या भिंतीवरच्या गोगलगाईसारखी.

चंद्रभागाबाई : पुस्तकावानी बोलू नको. घड्याळ बघ.

विश्वंभर : धर्मसिंगकडे राऊटर आहे. तार आणि संगणक यांच्या मधे उभी राहणारी पेटी. असले किडे ती बाहेरच्या बाहेर परतवते. पण आपल्या फोनच्या तारेवरच्या डायल-अपला ती लागत नाही.

चंद्रभागाबाई : मंग राखण आपुनच करायची. झालं का?

विश्वंभर : झालं. जोड तार.

चंद्रभागाबाई : जोडली... कसा किंचाळून राहिला हा मोडेम! आली, चौकट आली!

विश्वंभर : उजवं दाब.

चंद्रभागाबाई : तू दाब.

विश्वंभर : उद्या मी दुकानात असेन. तुलाच जमायला हवं.

चंद्रभागाबाई : पण कोण हाय?

विश्वंभर : कुणी नाही. नुसता एक नंबर आहे.

चंद्रभागाबाई : नंबराच्या मागं कुणी असंल की.

विश्वंभर : आई!

चंद्रभागाबाई : दाबलं. न्हाई म्हणलं. जीव कसातरीच झाला बघ. आली आणखी! हिला बी उजवंच?

विश्वंभर : थांब! हा आपला गप्पांचा प्रोग्राम आहे. इथूनच ताई बोलणार. हिला डावं.

चंद्रभागाबाई : बराबर बघून सांग.

विश्वंभर : डावंच, आई.

चंद्रभागाबाई : दाबलं... दिपे? पोरी, आयकू येतंय का? रडू नको. आगं, मीच हाय.

रामकिशन (विश्वंभरचे वडील, बाहेरून आत येत) : विश्वंभर, फोन मोकळा कर! चौकातून लावून पाहिला, एंगेजच येऊन राहिला. पुनमचंदाचा फोन यायचाय. बकऱ्यांचा सौदा हाय आज.

विश्वंभर : बाबा, थोडा वेळ...

रामकिशन : दिसभर टिकटिक करत बसता. सरक, मीच काढतो तार. (तार धरतो.)

चंद्रभागाबाई : हात लावू नका तिला.

रामकिशन : काहून? कोण हाय तिकडं?

चंद्रभागाबाई : दिपाली हाय. उद्या तिला दवाखान्यात कापणार हायेत.

विश्वंभर : बाबा, तार तुमच्या हातात आहे.

रामकिशन : (तार सोडत) पुनमचंद उद्या बी फोन करंल.