मॅडम, संध्याकाळच्या जेवणाचं टेबल कुठल्या हॉटेलात लिहू?

—नाही नाही, ते पाण्यावरचं नको, काचेच्या जमिनीचं. पहिल्याच रात्री जाऊन आलो तिथे. अहो, खाली दिव्याच्या उजेडात मासे फिरतायत आणि वर आपण ताटातल्या माशावर लिंबू पिळतोय — घास उतरेना माझा. त्यातला एक तर तोंड उघडून माझ्याकडेच बघत होता. ह्यांना विचारलं, कसं वाटतंय, तर म्हणाले, छान. आता छान म्हणजे काय? छान म्हणजे काही नाही. हे कडू औषधालाही छानच म्हणतात. — माझ्या मागे कोणी खोळंबलंय का? नाही ना? मग जरा विचार करून सांगते. दुपारच्या आत सांगावं लागतं संध्याकाळचं, माहितीय मला, रोज मीच तर येते.

तुला अगं म्हटलं तर चालेल ना? माझ्या धाकट्या भाचीएवढी असशील. तर अगं, ते झाडावरचंही नको. जिना फार. ह्यांना चढवत नाही — तसं बोलणार नाहीत, पण मध्येच कठडा धरून समुद्र बघत उभे राहतात. समुद्र काय, खालूनही तोच दिसतो. आणि वाळूवरचं तर विचारूच नकोस. बसल्या बसल्या ह्यांच्या खुर्चीचा एक पाय रुतला. माणूस कलला. आपण काय करू? उठू, खुर्ची सरकवू, निदान वेटरला हाक मारू. हे अख्खं जेवण वाकडे बसून जेवले. वेटर येऊन विचारतोय, साहेब, सगळं ठीक? हे म्हणतात, उत्तम. शेवटी मीच उठून खुर्ची बदलून घेतली, तोवर गोड आलं होतं.

काहीही चालेल. हे दोन शब्द मी जन्मभर ऐकतेय. भाजी कुठली करू — काहीही चालेल. मुलीचं नाव काय ठेवायचं — तुला आवडेल ते. भिंतींना रंग कुठला — तू म्हणशील तो. मी रागाच्या भरात एकदा जांभळा सांगितला, तर जांभळा लावून मोकळे. लोक म्हणतात, नशीब काढलंस, नवरा म्हणजे गरीब गाय. अगं, गायसुद्धा कधीतरी शिंग उगारते. मी वाट बघतेय त्या शिंगाची — हसू नकोस, खरंच वाट बघतेय.

कारण असं की — आता निघालंय तोंडातून तर सांगतेच — ह्यांच्या हृदयाची झडप बिघडलीय. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. ऑपरेशन केलं तर त्यात जिवाला धोका, नाही केलं तर असंच चालेल तेवढं चालेल, पुढचं सांगता येत नाही. तुम्ही ठरवा म्हणाले. आणि हे काय म्हणाले असतील? बरोबर. डॉक्टर हसले. मला नाही हसू आलं. मीच म्हटलं, करून टाकू — पडदे बदलायचे असावेत तसं. तारीखही मीच घेतली. परवाची. आमचे जावई म्हणाले, त्याआधी दोघं जरा हवापालट करून या, म्हणून हे तुमचं बेट. उद्या सकाळच्या बोटीने निघायचं, संध्याकाळी दवाखान्यात भरती, परवा ऑपरेशन.

तुला वाटत असेल, काय खादाड बाई आहे, रोज येऊन सगळ्या जेवणांची चौकशी करते. मला कसलं जेवण नि कसलं काय. एवढी सगळी हॉटेलं आहेत तुमच्याकडे, एकाला तरी नको म्हणतील, एकाला तरी हेच हवं म्हणतील, या आशेवर मी त्यांना फिरवतेय. जेवणाचं सांगता आलं तर ऑपरेशनचंही सांगतील. परवा काही कमी-जास्त झालं ना, तर त्यांच्या मनात काय होतं ते मला कधीच कळायचं नाही. सगळं माझंच ठरवलेलं. भीती वाटते गं मला. फार भीती वाटते.

तर लिही, ते बागेतलं. कडेचं टेबल, दोघांचं. — काय? आधीच लिहिलंय? आमच्या खोलीच्या नावावर? चूक असेल, नीट बघ, मी नाही केलं. — ह्यांनी? हे इथे आले होते? आपणहून? — धक्क्याजवळचं म्हणजे कुठलं, तुमच्या सामानाच्या बोटी लागतात तिथे? मला तर त्या यादीत कधी दिसलं नाही. — कामगारांचं? आणि हे तिथे रोज सकाळी चहा प्यायला जातात? मला सांगतात, फिरून आलो. — गप्पा मारतात? कोण, आमचे हे? कसल्या गप्पा मारतात?

बरं. लिही मग तेच. — उद्याचंही? नाही गं, उद्या आम्ही नसतो. — परवाचंही? आठवडाभर? — थांब. बोट कोणी पुढे ढकलली? — ह्यांनी.

म्हणजे परवा नाही.

काय म्हणाले ते सांग मला. तुझ्या शब्दांत नको, ते बोलले तस्संच सांग. — 'मला इथे राहायचंय.' मला? मला असं म्हणाले? — आणि मला सांगू नका म्हणाले? रात्री जेवताना ते स्वतः सांगणार आहेत? अगं मग तू कशाला सांगितलंस?

नाही, पाणी नको. रडत नाहीये मी. हे बघ, ह्यांनी विचारलं ना, तर मी आज इथे आलेच नव्हते. कळलं? त्यांना त्यांच्या तोंडाने सांगू दे. — जा, त्या पलीकडच्यांचं बघ, केव्हाचे उभे आहेत.