लेक आली तेव्हा

पौडहून भुकूमला निघालेल्या बसमध्ये दिशाच्या पुढच्या सीटवर दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

“साजिदा, शिलाईचं दुकान बरं चाललं हुतं की तुजं. या वयात नर्सिंग शिकून म्हाताऱ्यांच्या आश्रमात कशाला गेलीस गं?”

“सासूबाई अंथरुणाला खिळल्या तवा समदं मीच केलं, चंद्रामावशी. वाटलं, जमंल आपल्याला.”

“मग, जमतंय न्हवं?”

“काल एक आजी गेली. सकाळधरनं लेकीला हाका मारत हुती. आमी लेकीला सारखा फोन लावला, तिनं उचलला न्हाई. शेवटी मीच आजीचा हात धरला आन् म्हनलं, आई, आले गं मी.”

“वळखलं न्हाई तिनं?”

“डोळ्यांनी दिसतच न्हवतं तिला. ‘लई उशीर केलास गं,’ म्हनली, आन् गेली.”

“आन् लेक?”

“सांजच्याला आली. रडत इचारत हुती, आई शेवटी काय बोलली?”

आपण ऐकतोय हे कळू नये म्हणून दिशाने खिडकीकडे वळवलेली मान तशीच ठेवली.

“मग काय सांगितलंस?”

“म्हनलं, झोपेतच गेल्या.”

“बरं केलंस, बाई.”

“पन आजीचं ते बोलनं आता मी कुनाला देऊ, मावशी?”