अंगठी एक रात्र मंठ्यात होती

जबाब देणार मिथुन सर्जेराव मगरे, वय २४ वर्षे, धंदा कधी ट्रकवर क्लीनर, कधी मंडपवाल्याकडं, सध्या काही न्हाई. मूळ गाव घनसावंगी तालुक्यात, हल्ली मुक्काम जुना जालना, भाड्याची खोली. शिक्षण नववी, दहावीला बसलो न्हाई.

ठाण्यात आणून विचारल्यावरून समक्ष सांगतो की, माझं लग्न मंठ्याच्या राजानंद खरात सरांची मुलगी प्रीती हिच्याशी ठरलं आहे. साखरपुडा रविवारी आहे. प्रीतीला जुन्या घडणीची हिऱ्याची अंगठी पाहिजे होती. दुकानातल्या सगळ्या एकसारख्या दिसतात, म्हणे. कापडाचे दलाल काकासाहेब तौर यांची आई वारली, तिची अंगठी ते विकून राह्यले असं कळलं म्हणून गेल्तो. अंगठी खालून बंद, वर एकच हिरा, हैदराबादची घडण. हैदराबादला मी एकदा टायरच्या गाडीवर गेल्तो, तिथं आमचा ड्रायव्हर हरवला. ते राहू दे, असं जबाब लिहून घेणारे जमादार साहेब म्हणाले म्हणून राहू देतो.

माझी मोटारसायकल काकासाहेबांच्या दारात ठेवायची, अंगठी मुलीला दाखवून आणायची, मंग सौदा पक्का, असं ठरलं. काकासाहेब म्हणाले, "गाडी तुझीच हे ना, का तीबी दाखवायलाच आणली?" तेव्हा मी हसलो.

बुधवारी यष्टीनं मंठ्याला गेलो. प्रीतीनं अंगठी घालून हात उन्हात धरला. भिंतीवर उजेडाचा ठिपका पडला, तो तिनं छतापर्यंत फिरवला. अंगठी सैल होती. तिची आई बेबीनंदा मावशी म्हणाल्या, "रातभर राहू द्या जावईबापू, दोऱ्यानं माप घेते." मापाला रात्र कशाला लागते, असं मनात आलं, विचारलं न्हाई. मी मित्राकडं झोपलो. सकाळी मावशींनी अंगठी रुमालात गाठ मारून दिली. "गाठ जालन्यातच सोडा," म्हणाल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या. रुमाल ओलसर लागला.

गुरुवारी रात्री खोलीवर एकटाच होतो. कोरा चहा प्यालो. दूध मी ठेवतच न्हाई, मांजर येते. गाठ सोडली न्हाई.

आज सकाळी गाठ काकासाहेबांनीच सोडली. हिरा काळा, कोळशाच्या कणीसारखा. ते म्हणाले, "माझ्या आईचा हिरा कुठं हे? ही काच कोणाची?" मी म्हणालो, गाठ तुमच्या हातानं सुटली, तुमच्या मुठीत दुसरं काही नव्हतं कशावरून. त्यांनी गाडीची चावी खिशात घातली आणि मला इथं आणलं. माझा संशय काकासाहेबांवर आहे. मंठ्याच्या मंडळींवर आहे का, असं विचारलं. न्हाई म्हणालो. रुमालाचं मात्र डोक्यातून जाऊन न्हाई राह्यलं.

येथपर्यंत झाल्यावर, अंगठी तपासायला बोलावलेले सराफ रामकिसन आले म्हणून लिहिणं थांबलं. त्यांनी सगळ्यांसमोर अंगठीची खालची बाजू उघडली. हिरा तोच, खरा निघाला. चमक यावी म्हणून त्याच्या खाली लावलेला चांदीचा पातळ वर्ख काळा पडला होता, त्यानं हिरा काळा दिसत होता. वर्खाला आंबूस वास होता. रामकिसन म्हणाले, "रातभर दुधात ठेवली कोणीतरी. हिरा लाभतो का न्हाई ते बघतेत असं. बंद घडणीची अंगठी भिजवतेत का कधी?" काकासाहेबांनी चावी टेबलावर ठेवली.

ठाण्यातून फोन गेल्यावरून राजानंद सर आणि मावशी तोवर मंठ्याहून येऊन बाहेर बाकड्यावर बसले होते. सर मास्तर आहेत, गावोगाव अंधश्रद्धेवर भाषणं देतात. त्यांच्या घरात लिंबू-मिरची फक्त भाजीत. दुधाचं ऐकून सर माझ्याकडं बघून म्हणाले, "माझ्या घरात असलं होत न्हाई. आणि ज्यानं केलं त्याला माझ्या घरात जागा न्हाई." मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळून राह्यल्या होत्या.

पुढं विचारल्यावरून सांगतो की, अंगठी दुधात मी ठेवली. गुरुवारी रात्री, माझ्या खोलीवर. दूध समोरच्या हॉटेलातून आणलं. पेला कोणता, असं विचारलं. चहाचा, एकच आहे. मांजराचं सांगितलं ते दुसऱ्या दिवसाचं. गाठ मावशींची न्हाई, माझी. रुमाल ओला होता ते खोडा, असं मी म्हणालो. जमादार साहेब म्हणाले, "लिहिलेलं खोडत न्हाईत." मंग असं लिहा की, माझे हात ओले होते.

नवीन वर्खाचा खर्चा मी देईन. माझी कोणाविरुद्ध तक्रार न्हाई.

जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. दार उघडं होतं, बाकड्यापर्यंत ऐकू गेलं. वाचून होईपर्यंत तिकडून कोणी मध्ये बोललं न्हाई. लिहिलंय ते माझ्या सांगण्याप्रमाणं बराबर आहे.