बैल दारातच

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, आज किती शब्द लिहिले ते रोज संध्याकाळी सातला चारचौघांत सांगायचं, हा काय नियम झाला? आमचा मोबाइलवर लिहिणाऱ्यांचा गट आहे, पाच जणांचा. नर्सताई टाकतात, 'आज सहाशे.' पोस्टमनकाका, 'आज नऊशे, मनगट दुखलं.' आणि मी? मी पंखे दुरुस्त करतो, आठवीत शाळा सुटली, तारेचे वेढे मोजायची सवय, म्हणून शब्दही खरेखुरे मोजतो, खोडलेले वजा करून... 'आज उणे चाळीस.' आणि बैल दारातच.

तुम्हाला सांगतो, गोष्ट साधी आहे. गावातला बैलाचा खेळ. दार उघडतं, बैल सुटतो, गडी त्याच्या वशिंडाला मिठी मारतो, समोरच्या दोरीपर्यंत लटकून राहिला की जिंकला. तो गडी म्हणजे आमचे बाबा. कंबर मोडल्यापासून खाटेवर असतात, म्हटलं रोज थोडं वाचून दाखवू, तेवढेच खूश होतील. कुठले खूश! बैल आधी फुरफुरत नाही, माती उकरतो म्हणे. खोडलं. कान असे नसतात. खोडलं. लोक ओरडत नाहीत, गप्प होतात. तेही खोडलं! इकडे गटात नर्सताई विचारतात, बोटं नेमकी कुठं रुतवायची, पोस्टमनकाका सांगतात, त्यांना टपालासकट एका गायीनं पळवलं होतं, त्यात दोन तास गेले... आणि बैल दारातच.

काल मी रडकुंडीला आलो. म्हटलं, "बाबा, उघडू द्या ना ते दार. तुम्ही जिंकलात, सगळ्यांना माहीत आहे."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मी हात सोडला होता," म्हणाले. "चौथ्या उडीला. दोरी समोर दिसत होती."

आता आली का पंचाईत! आई वीस वर्षं शेजारणींना ती जिंकल्याची गोष्ट सांगत आलीय, आणि ती औषधाची बाटली घेऊन मागेच उभी!

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "मी गर्दीतच होते. लिही तू."

लिहिलं. दार उघडलं, बैल सुटला, चार उड्या, हात सुटला... एका बैठकीत तीनशे शब्द! वाचून दाखवलं. बाबांनी डोळे पुसले.

आई म्हणाली, "अहो, चौथी कुठली? दुसऱ्याच उडीला सोडलंत."

कालपासून दोघं उड्या मोजतायत. आजचा आकडा? उणे तीनशे. बैल? परत दारात नेऊन उभा केलाय.