रशीदचाचांचा बुश

वेगवान गाड्यांचा विषय निघालाय म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात मी भिंगारला रशीदचाचांच्या लेथवर कामाला होतो. एक दिवस पुण्याचा इंजिनिअर टेम्पोतून रेसची गाडी घेऊन आला. जवळच्या ट्रॅकवर तिची चाचणी होती आणि उतरवताना पुढच्या चाकाचा बुश, म्हणजे आत बसणारी धातूची नळी, फुटला होता.

तसल्या पाचच गाड्या त्याच्या कंपनीनं बनवलेल्या, फक्त ट्रॅकवर पळवायला. इतकी हलकी, की दोघांनी उचलली तर वरची अख्खी बॉडी हातात आली. आत ना हॉर्न, ना रेडिओ. चाचा बघतच राहिले.

"एक नट बी जादा न्हाई. काय डोकं लावलंय!"

इंजिनिअर रडकुंडीला आलेला. "चाचा, हा बुश परदेशातून येतो. आज ट्रॅक हुकला तर पुन्हा तीन महिने ट्रॅक मिळत नाही."

चाचांनी गनमेटल, म्हणजे तांब्या-कथलाचा मिश्रधातू, लेथवर कातून बुश बनवला आणि आतून बारीक खाच पाडली.

"खाच कशाला?"

"ग्रीस राहायला जागा नको व्हय, सायेब?"

तो बुश घेऊन इंजिनिअर ट्रॅकवर गेला आणि संध्याकाळी एकटाच परत आला. आम्हाला वाटलं, बुश फुटला. त्यानं खिशातून बाकीच्या तीन चाकांचे बुश काढले. एकावरही ओरखडा नव्हता.

"गाडी दिवसभर पळाली, पण तुमचा बुश ह्यांच्याइतका तापला नाही. हे परदेशी तुम्ही ठेवा, चाचा. मला तुमचे आणखी तीन करून द्या."