खाऊच्या कपाटाची किल्ली

दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंनी शेजारी आईबरोबर बसलेल्या पोरीचा ड्रेस कमरेत सैल झालाय, हे आधीच हेरलं होतं. आता कानही तिकडेच लागले.

“वजन जेमतेम सहा किलो उतरलंय, आणि डायबेटिसच्या गोळ्या बंद?”

“वजनाच्या ऑपरेशननंतर पोटातून मेंदूला जाणारे निरोपच बदलतात, डॉक्टर म्हणाले ना. आई, काल अर्ध्या वाटीत माझं पोट भरलं.”

“बरं झालं बाई.”

“पोट भरणं म्हणजे काय, ते मला सोळाव्या वर्षी कळलं.”

“आणि मी तुला हावरट म्हणून खाऊच्या कपाटाला कुलूप लावायचे! ही घे किल्ली.”

“दुसरी आहे माझ्याकडे. तीन वर्षं झाली.”

“ठाऊक आहे. म्हणून तर कपाट कधी रिकामं ठेवलं नाही.”